नोकरीत नसल्याचा दाखला

राज्याची हद्द ओलांडली म्हणून माणसाचे दात बदलत नाहीत. दाढ इकडे किडते तशीच तिकडे किडते, आणि गाल धरून बसलेला माणूस दोन्हीकडे सारखाच केविलवाणा दिसतो. पण त्या दाढेला हात लावायची परवानगी मात्र हद्दीवर संपते. पलीकडे गेलेला दातांचा डॉक्टर कायद्याच्या दृष्टीने डॉक्टर राहत नाही, चिमटा बाळगणारा एक साधा नागरिक होतो. ही व्यवस्था कुणी केली आणि का केली, हे विचारायच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, भरून आणायला एक नमुना मिळतो.

ही गोष्ट जिची आहे ती दातांची डॉक्टर होती आणि तिचा नवरा सैन्यात मेजर होता. या दोन गोष्टी एका घरात सुखाने नांदणं अवघड. सैन्य दर दोन-तीन वर्षांनी मेजरला उचलून दुसऱ्या राज्यात नेऊन ठेवी, आणि राज्यागणिक दंत परिषद वेगळी. दर बदलीला मेजर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर हजर होई. खांद्यावरचे बिल्ले तेच, पगार तोच, सलामही तेच. तिला मात्र दर वेळी पहिल्यापासून सिद्ध करावं लागे, की बाई, आपण खरोखरच दातांच्या डॉक्टर आहोत.

पहिल्या ठिकाणी तिने दीड वर्ष झकास काम केलं. दुसऱ्या ठिकाणी परिषदेचा कारकून दीर्घ रजेवर होता आणि त्याच्या टेबलाची किल्ली त्याच्याबरोबर रजेवर गेली होती. तिसऱ्या ठिकाणी नोंदणी हातात पडली तेव्हा ट्रंकांना कुलपं लागत होती. चौथ्या ठिकाणी नोंदणी मिळाली, पण दवाखाना मिळेना. मग कर्नल-ब्रिगेडियरांच्या बायकांच्या आग्रहावरून तिने वसाहतीतल्या मुलांना केक करायला शिकवलं. म्हणजे उभ्या आयुष्यात ज्या शत्रूशी लढायचं शिक्षण घेतलं, त्यालाच जाऊन मिळाली. लोक तिला अजूनही डॉक्टरीणबाई म्हणत, पण केकवाल्या डॉक्टरीणबाई म्हणत.

पाचव्या बदलीत सामान उतरवताना एक ट्रंक सापडेना. कपड्यांच्या सापडल्या, भांड्यांच्या सापडल्या, मेजरच्या बुटांची स्वतंत्र होती तीही सापडली. तिची अवजारांची ट्रंक शेवटी जिन्याखाली मिळाली, जुन्या पडद्यांच्या खाली. तिच्यावर मेजरने आपल्या वळणदार अक्षरांत रंगवलं होतं : ‘किरकोळ’.

ती पायरीवर बसली, ट्रंक उघडली, एकेक चिमटा फडक्याने पुसला आणि तिथेच स्वतःला बजावलं, की ही शेवटची वेळ. या वेळी जमलं तर जमलं. नाही तर ही ट्रंक विकून टाकायची आणि पुन्हा कधी कुणाच्या तोंडात डोकवायचं नाही. तिचा आवाज त्या वेळी कुणी ऐकला नाही, पण ती हे अगदी मनापासून म्हणाली होती. तिला रडू आलं नाही. याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

आणि नेमकं या वेळी सगळं जुळून येण्याची चिन्हं दिसली. वसाहतीबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना होता. दोन खुर्च्या, एकच डॉक्टर. हात थोडे थरथरायला लागले होते, आणि थरथरत्या हाताचा दंतवैद्य रोग्याला फार काळ आवडत नाही. त्यांनी तिची मुलाखत घेतली नाही. एका रोग्याचं तोंड उघडून म्हणाले, “बघा आणि सांगा.” तिने बघितलं आणि सांगितलं. ते म्हणाले, “खिडकीजवळची खुर्ची तुमची. नोंदणी घेऊन या. एक तरुण मुलगा या जागेसाठी माझ्या मागे लागलाय, त्याला मी थोपवून धरतो. पण महिनाअखेरपर्यंतच हं. माझी पाठ आता फार वाकत नाही.”

ती परिषदेत गेली. परिषद म्हणजे एका जुन्या इमारतीतला लांबट दिवाणखाना, कपाटांनी दुभंगलेला. कपाटांच्या अलीकडे लोक बसत, पलीकडे चष्मेवाले कारकून बसत. चष्मेवाले वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं, की एका माणसाचं नाव दोन राज्यांच्या नोंदवहीत असू शकत नाही. तेव्हा आधी जुन्या राज्यातून नाव कमी करून आणा.

तिने ते कमी करून आणलं. म्हणजे आता ती जुन्या राज्यात डॉक्टर नव्हती आणि नव्या राज्यात झाली नव्हती. बाकी माणूस म्हणून तिच्यात काही फरक पडलेला नव्हता. पण त्या दिवशी घरी येताना रस्त्यावरच्या एका माणसाने जांभई दिली, तेव्हा तिने पटकन मान वळवली. उगाच बेकायदा काही दिसायला नको.

आता राहिला अर्ज. तिने तो एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. मेजर मागून वाचत होता. वाचता वाचता त्याचा चेहरा पडला.

“हा अर्ज आहे?” तो म्हणाला.

“मग काय वाटतंय?”

“विषय नाही. संदर्भ नाही. परिच्छेदांना क्रमांक नाहीत. ‘कृपया लवकर करावे’ हे काय लिहिलंस? कोणी करावे? केव्हापर्यंत करावे? असा कागद माझ्याकडे आला असता तर मी परत पाठवला असता.”

“तुझ्याकडे नाही ना पाठवत आहे.”

“दे इकडे. हे मी बघतो. थ्रू प्रॉपर चॅनल पाठवू.”

मेजरने तिच्या कामात स्वतःहून लक्ष घालण्याचा हा लग्नानंतरचा पहिलाच प्रसंग होता. बाही दुमडून, जीभ किंचित बाहेर काढून तो लिहायला बसला. विषय झाला, संदर्भ झाला, परिच्छेद एक, उपपरिच्छेद अ, उपपरिच्छेद ब. त्याचा उत्साह बघून तिला नाही म्हणवेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्यासाठी काहीतरी करत होतं, आणि अशा वेळी ते चुकीचं आहे हे सांगायला फार कठोर मन लागतं. ते तिच्याकडे नव्हतं.

अर्ज पलटणीच्या कचेरीत गेला. तिथे हेडक्लार्कने त्याला आवक क्रमांक दिला. मग पलटणीचे मुख्य कर्नल, जे त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहत, त्यांनी त्यावर ‘शिफारसीसह पुढे सादर’ असं लिहून सही केली. गोल शिक्का बसला. पाकीट बंद झालं, लाख लागली. मेजर घरी येऊन म्हणाला, “आता बघ कसं काम होतं ते.”

काम झालं. परिषदेच्या इतिहासात झालं नसेल इतक्या झपाट्याने झालं. उत्तर आलं तेही तिच्या नावे नाही, थेट कर्नलसाहेबांच्या नावे. त्यात परिषदेने कळवलं होतं, की आपल्या पलटणीच्या दंत अधिकाऱ्याचा अर्ज मिळाला. सैन्यात नोकरीस असलेल्या डॉक्टरांना राज्याच्या नोंदणीची गरज नसते, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. सदर अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर अर्ज करावा. खाली पुढील सेवेसाठी शुभेच्छा होत्या.

मेजरने पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तो म्हणाला, “बघ, किती तत्पर!” दुसऱ्या वेळी त्याने पाकीट उलटं करून पत्ता तपासला.

“मला भरती केलंस तू,” ती म्हणाली.

“अर्जात कुठे तसं लिहिलेलं नाही. माझा मसुदा निर्दोष आहे.”

“मसुदा निर्दोष आहे. फक्त मी सैन्यात गेले.”

ती धावत परिषदेत गेली. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या चष्मेवाल्यांनी फाइल काढली, गोल शिक्क्यावर बोट ठेवलं. “बाई, हे असं पलटणीतून, शिफारशीसह, साहेबांच्या सहीने कुणाचं येतं? नोकरीतल्या माणसाचं येतं. मी तीस वर्षं इथे आहे, कुठल्या बायकोचा अर्ज असा आलेला बघितला नाही.”

“पण मी सैन्यात नाही.”

“मग तसा दाखला आणा.”

“कसला?”

“सैन्यात नसल्याचा.”

इथे वाचकाने क्षणभर स्वतःला विचारून बघावं, की आपण सैन्यात नाही हे आपल्याला लेखी सिद्ध करता येईल का. भल्याभल्यांना येणार नाही. असण्याचे दाखले जगात सगळीकडे मिळतात. नसण्याचा दाखला द्यायला कुणी कचेरी थाटलेली नाही.

पलटणीच्या हेडक्लार्कने कपाळाला हात लावला. “मॅडम, आमच्याकडे जे आहेत त्यांची नोंद असते. जे नाहीत त्यांची कशी असेल? ते म्हणजे उरलेलं सगळं जग झालं. उद्या दूधवाला येऊन म्हणेल, मलाही नसल्याचा द्या.”

“पण मी नाही हे तर तुम्हाला माहीत आहे ना?”

“मला माहीत आहे हो. पण रेकॉर्डला माहीत नाही. उलट आवक क्रमांक बघता रेकॉर्डला तुम्ही आहात असं वाटतंय.”

आता ही बातमी वसाहतीत पसरायला किती वेळ लागणार? सल्ला देणाऱ्यांची रीघ लागली. शेजारचा रसदखात्यातला कॅप्टन नियमांचा किडा होता. तो कुंपणावरून म्हणाला, “वहिनी, सोपं आहे. आधी रीतसर भरती व्हा, मग राजीनामा द्या. सेवामुक्तीचा कागद मिळतो. एकदम पक्का. फक्त मधलं प्रशिक्षण तेवढं पूर्ण करावं लागेल.” प्रशिक्षणात काय असतं, असं तिने विचारलं नाही. त्याने आपणहून सांगितलं आणि त्यात दोराला लटकण्याचा उल्लेख बऱ्याचदा आला.

सासूबाईंना फोनवर हकिकत सांगितली ती हसून हलकं व्हावं म्हणून. सासूबाईंनी तिचा पहिला अर्धा भागच ऐकला. दुसऱ्या दिवसापासून नात्यातल्या लोकांचे अभिनंदनाचे फोन सुरू झाले. एका चुलतसासऱ्यांनी तर “आता मेजरला सलाम तू ठोकायचास की त्याने तुला?” असा व्यवहारी प्रश्न विचारला. तिने सासूबाईंना फोन लावून खुलासा केला, तेव्हा त्या हिरमुसल्या. “अगं, मग आता मी त्यांना काय सांगू? राहू दे ना तसंच,” म्हणाल्या.

सगळ्यांत अवघड गेल्या त्या वरच्या मजल्यावरच्या कर्नलवहिनी. त्यांची दाढ त्याच आठवड्यात ठणकू लागली. भर चहाच्या बैठकीत, आठ बायकांसमोर, त्यांनी तिच्यापुढे आ वासला आणि बोट आत घालून म्हणाल्या, “हे बघ गं जरा.”

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. “वहिनी, मला बघता येत नाही. माझं नाव सध्या कुठेच नाही.”

“अगं, नाव कशाला लागतं बघायला? शेजारीण म्हणून बघ.”

तिने शेजारीण म्हणून बघितलं.

“काय दिसतंय?”

“दाढ दिसतेय.”

“ते मलाही माहीत आहे! झालंय काय तिला?”

“ते डॉक्टरला विचारावं लागेल.”

कर्नलवहिनींनी तोंड मिटलं आणि सुजलेल्या गालासकट मान फिरवली. तिला त्या दाढेत काय झालंय ते स्पष्ट दिसलं होतं. ती कीड, तिची खोली, कुठून उघडावं, कुठे औषध भरावं, सगळं. बोटं शिवशिवत होती. घरी येऊन ती नळाखाली हात धरून बराच वेळ उभी राहिली. नियम मोडला नाही याचा अभिमान वाटेल असं तिला वाटलं होतं. तो काही वाटला नाही.

त्यानंतर कर्नलसाहेब मेजरशी कामापुरतंच बोलू लागले. मेजर आता तिच्या अर्जाच्या नावाने काढलेली फाइल रोज संध्याकाळी उघडून बसे, आणि आपल्या निर्दोष मसुद्याकडे पाहत राही.

महिना संपत आला. म्हाताऱ्या डॉक्टरांनी निरोप पाठवला, की तो मुलगा सोमवारी आई-वडिलांसह येतोय, मला काहीतरी सांगावं लागेल. शेवटी चष्मेवाल्यांनाच दया आली. त्यांनी अध्यक्षांपुढे प्रकरण ठेवून सुनावणी लावून दिली. “शुक्रवारी दोघं या,” ते म्हणाले. “साहेबांना पोशाखात आणा. अध्यक्षांना बरं वाटतं.”

शुक्रवारी दोघं गेली. मेजर पूर्ण गणवेशात, बूट इतके चमकत होते की त्यात कपाटं दिसत होती. आत दोन सभासद, मध्ये अध्यक्ष, कोपऱ्यात लिहून घ्यायला चष्मेवाले. अध्यक्षांनी तिला ‘बसा’ म्हटलं आणि मग पुढचा बराच वेळ ते मेजरशीच बोलत राहिले. कोणती पलटण, कुठे कुठे होतात, थंडी फार असते का तिकडे. डावीकडच्या सभासदाचा मेहुणा सैन्यात होता, त्याची चौकशी झाली. उजवीकडच्यांना लहानपणी सैन्यात जायचं होतं, पण नजर आड आली, तेही सांगून झालं. ती मांडीवर आपली पदवी घेऊन बसली होती. तिचा पारा चढत गेला.

“अर्ज माझा आहे,” ती म्हणाली. आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “प्रश्न मला विचारा.”

अध्यक्षांनी चष्मा लावला. माणूस रागावला नाही, उलट जरासा ओशाळला. त्याने फाइल उघडली.

“ठीक आहे. आमची अडचण एवढीच आहे, बाई. तुम्ही म्हणता नोकरीत नाही. पण तुमचा इतिहास बघा. एका राज्यात बसलेली घडी मोडून दुसऱ्या राज्यात. तिथून तिसऱ्या. चालतं काम सोडलंत, नोंदणी हातात आल्याबरोबर गाव सोडलंत. दर वेळी पलटण हलली की तुम्ही हललात. आमचे डॉक्टर दवाखाना रस्त्याच्या या बाजूचा त्या बाजूला न्यायचा तरी वर्षभर विचार करतात. असं जो वागतो तो हुकमाने वागतो. तर मला एवढंच सांगा, तुम्ही पाच वेळा हललात, ते कुणाच्या हुकमाने?”

तिने सगळ्या प्रश्नांची तयारी केली होती. पदवीचं वर्ष, प्राध्यापकांची नावं, दातांची मुळं, सगळं. हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. तिने स्वतःलाही विचारला नव्हता. तिने मांडीवरच्या पदवीकडे पाहिलं, पण तिच्यावर ते लिहिलेलं नव्हतं.

शेजारची खुर्ची मागे सरकली. मेजर उठून उभा राहिला, अगदी ताठ, हात बाजूला, नजर समोरच्या भिंतीवर.

“परवानगी असेल तर मी सांगतो, सर.”

“सांगा.”

“कुणाच्याच हुकमाने नाही, सर.”

“म्हणजे?”

“हुकूम मला येतो. तिला कुणीच काही कळवत नाही. मीसुद्धा विचारत नाही. मी घरी येऊन म्हणतो, बदली आली. आणि ती ट्रंका काढते.” तो थांबला. “ती आपण होऊन आली, सर.”

“पाचही वेळा?”

“पाचही वेळा, सर.”

कपाटांपलीकडे कुणाचंतरी पेन वाजत होतं, ते थांबलं. उजवीकडचे सभासद उगाच खिडकीबाहेर पाहू लागले. ती मेजरकडे बघत होती. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून तिने हे ऐकलं नव्हतं, आणि आता तो ते तिच्याकडे न पाहता, तीन अनोळखी माणसांना सांगत होता. तिला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच वेळी त्याचा हात धरावासा वाटला. तिने दोन्ही केलं नाही. पदवी मात्र मुठीत चुरगळली.

अध्यक्षांनी घसा साफ केला. “लिहा,” ते चष्मेवाल्यांना म्हणाले. “अर्जदार सैन्यात नाहीत, अशी परिषदेची खात्री पटली.”

“आधार काय दाखवू, साहेब?” चष्मेवाल्यांनी विचारलं. “दाखला तर नाहीच जोडलेला.”

“असं कुणी पगारासाठी करत नाही, हा आधार.” मग त्यांनी विचार केला. “हे नका लिहू. ‘समक्ष चौकशीअंती’ असं लिहा.”

नोंदणीचा कागद त्याच दुपारी मिळाला. त्यावर तिचं नाव होतं आणि शिक्का चौकोनी होता. चष्मेवाल्यांनी तो दोन्ही हातांनी दिला.

बाहेर पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. खाली रस्त्याने माणसं आपापल्या कामाला चालली होती. मेजर टोपी हातात फिरवत एक पायरी खाली उभा राहिला, त्यामुळे पहिल्यांदाच दोघांचे डोळे एका उंचीवर आले.

“पुढची बदली येईल,” तो म्हणाला. “दोन वर्षांनी, किंवा त्याआधी.”

“हो.”

“येशील?”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. आजवर हो म्हणायची वेळच आली नव्हती, म्हणून नाही म्हणायचीही आली नव्हती. काहीतरी गोड बोलून प्रसंग साजरा करता आला असता. ती तशी होती, आजवर तशीच वागली होती.

“माहीत नाही,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. हुकमाला उत्तर म्हणून त्याने आयुष्यभर फक्त होय ऐकलं आणि दिलं होतं. या उत्तराचं काय करायचं असतं ते त्याला कळेना, पण ते परतही करवेना.

घराकडे जाणारी बस समोरच्या थांब्यावर येऊन लागली. तिने बसकडे पाहिलं नाही. कागद पिशवीत ठेवला, पदर खोचावा तसा पिशवीचा बंद खांद्यावर घट्ट ओढला आणि ती उलट्या दिशेला, मोठ्या रस्त्याला लागली. म्हातारे डॉक्टर चारनंतर दवाखाना बंद करत. ती भरभर चालत होती. दोन चौक गेल्यावर तिला मागे बुटांचा आवाज ऐकू आला. पूर्ण गणवेशातला एक मेजर, टोपी सावरत, गर्दीतून वाट काढत तिच्या मागून येत होता. कुठे जायचंय, असं त्याने एकदाही विचारलं नाही.